खात्रीपत्र

कोउवोला स्टेशनच्या मागे, चांभाराच्या वर माझी खोली.
टेबल, भिंग, जांभळा दिवा,
आणि दोरा जाळून बघायला एक बशी.
सुती दोरा कागदासारखा जळतो, राख फुंकरीने जाते.
पॉलिस्टरचा गोळा होतो,
समोर बसलेल्याच्या चेहऱ्याचाही थोडा.

एकतीस वर्षं युद्धातले कपडे पारखते आहे.
त्याआधी शाळांचे पडदे शिवायचे.
टाका खोटं बोलत नाही, असं तेव्हा वाटायचं.

सकाळी यार्को आला. छत्तीसच्या नमुन्याचा राखाडी अंगरखा,
बटणांवर सिंह, अस्तरावर सैन्याचा शिक्का,
छातीत डावीकडे भोक, भोकाभोवती तपकिरी डाग.
चौदाशे युरो मोजून आला होता.
मी भोकात करंगळी घातली. कडा कडक, गोल,
तापल्या सळईने लोकर जाळावी तशा.
गोळी इतकी नीटनेटकी नसते, यार्को.
दिवा लावला. काजांचा दोरा निळापांढरा पेटला,
साबणाच्या जाहिरातीतल्या सदऱ्यासारखा.
डागाला चहाचा वास. चहा बरा होता.
आणि शिक्का दोन ठिकाणी, अस्तरावर आणि खिशात,
घाबरलेला माणूस दोनदा सही करतो तसा.
"पण सगळं आहे ना यात?" तो म्हणाला.
हो. सगळं आहे. तेच तर.

दुपारी हिल्का राउतिआइनेन जिना चढून आल्या, मध्ये दोनदा थांबत.
वय चौऱ्याऐंशी. बाजाराच्या पिशवीत वर वेलदोड्याचा पाव,
खाली कोट.
"वडिलांचा गणवेश," त्या म्हणाल्या.
मी उलगडला. घरच्या लोकरीचा, शेणाच्या रंगाचा,
गळ्याला मेंढीचं कातडं,
चार बटणं, चारही वेगळी, एक शिंगाचं.
शिक्का नाही. चिठ्ठी नाही. नंबर नाही.
शिवण हाताची, डावखुऱ्या बाईची,
धावदोरा उजवीकडून डावीकडे पळालेला नाही.
"आई डावखुरी होती," हिल्का म्हणाल्या, पाव कापता कापता.

मला माहीत होतं. त्या हिवाळ्यात कोठारं रिकामी होती.
कितीतरी जणांना मिळाला एक पट्टा, टोपीला लावायचं एक फूल,
बाकी अंगावर जे असेल ते.
हे ऐकलेलं, वाचलेलं.
पण हाच कोट तिथे होता, हे कशावरून?
परत आल्यावर वीस वर्षं तो गोठ्यात घातला गेला.
कोपरांवर रफू, रफूवर रफू,
खिशाच्या शिवणीत गवताच्या काड्या,
कुठल्या सालच्या, देव जाणे.

कमरेशी एक घासलेली रेघ सापडली,
दोन्ही बाजूंना जरा रुंद, जिथे काडतुसांच्या पिशव्या लटकतात.
माझा श्वास अडकला, खोटं कशाला बोलू.
मग वाटलं, बादल्या उचलणारा माणूस
कमरेला दोरी बांधतो. तिचीही अशीच रेघ पडते.
बाहीतला एक धागा ओढून बशीत जाळला.
केसांसारखा वास आला. लोकर आहे.
एवढंच नक्की.

"विकायचा नाही," त्या म्हणाल्या.
गावच्या संग्रहालयात काचेआड जागा आहे,
ते म्हणतात, कागद आणा.
"आणि किंमत?"
जुन्या कोटांच्या बाजारात वीस युरो.
त्या हसल्या. कापडासाठी एक वासरू गेलं होतं.

कागद घेतला. नमुना: मोकळा सोडला.
शिक्का: नाही. कालखंड: असू शकेल.
शाई पुसट येत होती, पेन झटकलं.
'सैन्याने दिलेल्या वस्तू' या रकान्यापाशी बराच वेळ बसले,
पावाचा तुकडा तोंडात तसाच.
शेवटी लिहिलं: पट्टा, एक. हजर नाही.

हिल्कांनी चष्मा लावून वाचलं, ओठ हलवत.
"बरोबर," त्या म्हणाल्या.
"तो आम्ही कुत्र्याला बांधायला वापरला."